कानाची झालर

सन २०२४, फेब्रुवारी महिन्यातील दुसरा रविवार, सकाळी उन्हे सुरूच्या बनावर चढत असतानाची वेळ. स्थळ, पालघर तालुक्यातील दातिवरे गाव, मच्छीमार वस्तीच्या मागचे बोंबील वाळवण्याचे मैदान. या वेळी व या स्थळी पुंडलिक तांडेल याची मुलगी भाविका हिच्या गालाला एका कुत्र्याने चावा घेतला. एवढे निर्विवाद आहे. कुत्रा कोणता, हे निर्विवाद नव्हते. आणि पुढे जे घडले ते सारे त्या एका अनिश्चिततेतून घडले.

मैदानावरच्या बायकांनी पाहिले ते इतकेच: लांबट तोंड, पाठीला भिडलेले पोट, वाळूच्या रंगाचे अंग, आणि असा वेग की ओरडायला तोंड उघडेपर्यंत कुत्रा सुरूच्या बनात दिसेनासा झाला होता. केळव्यापासून वैतरणेच्या मुखापर्यंतच्या किनाऱ्यावर या वर्णनाला उतरतील अशी कुत्री दोनच. त्यांतला एक नर; सुट्टीला आलेल्या कुणा पाहुण्यांनी तो केळव्याच्या किनाऱ्यावर सोडून दिला होता आणि तेव्हापासून तो भटकत भटकत आमच्या गावापर्यंत पोहोचला होता. दुसरी माझी रेवा.

त्या सकाळी रेवा मोकळी होती. ओहोटीच्या ओल्या वाळूवर मी तिला नेहमीप्रमाणे धावायला सोडले. ती सुरूच्या बनाआड गेली, आणि मी शिट्टी वाजवूनही बराच वेळ परतली नाही. परतली तेव्हा धापा टाकत होती. तोंड ओले होते. समुद्राचे पाणी असेल, असे मी मनाशी म्हणालो. वस्तीकडून बायकांचा आकांत त्यानंतर ऐकू आला की त्याआधीच, याविषयी मी आजही शपथ घेऊ शकणार नाही. तारापूरच्या एका कारखान्यात मी आयुष्यभर मालाची गुणवत्ता तपासण्याचे काम केले. कोणतीही गोष्ट दोनदा पाहिल्याशिवाय मी सहीला हात लावला नाही. त्या सकाळी मात्र मी रेवाच्या तोंडाकडे दुसऱ्यांदा पाहिले नाही. मला भीती वाटली.

दुपारी पुंडलिक आमच्या वाडीच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात जाडजूड बांबू. मागे त्याची आई, येसूबाई. माझी पत्नी शालू ओट्यावर सुपाऱ्या निवडत होती, ती तशीच उठून उभी राहिली.

"भाऊ, कुत्री भायेर काडा," पुंडलिक म्हणाला.

"आधी मुलगी कशी आहे ते सांग."

"पालघरला नेली व्हती. जकम धुतली, सुया दिल्या. जकमेतच दिल्या, गालात. मी तिचे हात धरून ठेवले व्हते, भाऊ. माज्या हातानं धरून ठेवले. आता कुत्री काडा."

भ्यालेला माणूस आपल्याला जे उत्तम येते त्याचा आश्रय घेतो. मला वाद घालता येतो. म्हणून भर दुपारी, फाटकाच्या गजांतून, मी त्या संतापलेल्या बापाला कुत्र्यांचा वंशवृत्तांत सांगू लागलो. मी म्हणालो की, नाकाने माग काढणारी कुत्री वेगळी आणि नजरेने शिकार धरणारी वेगळी. या दुसऱ्या कुळातली सगळी कुत्री दुरून एकसारखीच दिसतात, म्हणून घाईने बोट दाखवणे बरे नव्हे. अरबांच्या वाळवंटातला सलुकी, अफगाणांचा ताझी, मोरोक्कोकडचा स्लुगी, विलायतेचा ग्रेहाउंड, आणि त्या ग्रेहाउंडशी अफगाणी रक्त मिसळून रामपूरच्या नबाबांनी घडवलेला रामपुरी, हे सारे एकाच घराण्यातले भाऊबंद. व्यापाऱ्यांच्या आणि शिपायांच्या तांड्यांबरोबर यांचे पूर्वज दख्खनेत उतरले असे मानतात. तेच आपले कारवान. त्यांनाच कोणी मुधोळ म्हणतात, कोणी ही दोन नावे दोन जातींची आहेत असे सांगून भांडतात. आणि ज्याच्या कानांना व शेपटीला रेशमी केसांची झालर असते, त्याला पश्मी म्हणतात. केळव्याचा तो नर पश्मी. माझी रेवा कारवान. तिचे कान उघडे, गुळगुळीत.

"पुराण पुरं करा," पुंडलिक म्हणाला. "चावनाऱ्याची जात इचारायला नाय आलो मी."

"मला ती विचारावीच लागेल. बायकांपैकी कोणी कान पाहिले?"

"कान? पोरीच्या गालातना रगत व्हात व्हता आनि बाया कुत्र्याचे कान बगनार व्हत्या?"

हे उत्तर खोडण्याजोगे नव्हते. त्यातही एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. कारवान आणि पश्मी हे एकच, एका वेतात दोन्ही निपजतात, झालर हा दागिना आहे, वंश नव्हे, असे श्वानप्रेमींच्या एका मासिकात मी वर्षानुवर्षे हट्टाने लिहीत आलो होतो. आणि आता फाटकाच्या आत उभा राहून मी त्याच झालरीच्या आडोशाला लपत होतो.

तोवर येसूबाई बोलली नव्हती. ती पुढे आली आणि तिने फाटकाचा गज धरला.

"भाऊ, तुजी कुत्री टोचलेली हाय का?"

"आहे. दर वर्षी. बोईसरच्या प्राण्यांच्या डॉक्टर हेमांगी टोचतात. रेवाला पिसाळण्याचा रोग होणे नाही."

"आनि त्या दुसऱ्याला?"

"त्याला कोण टोचणार?"

"मग तुजीच आसू दे," येसूबाई म्हणाली. "देवा, हाचीच आसू दे."

"आये, काय बोलतेस!" पुंडलिक ओरडला.

"तू गप. तू नवशाला नाय बगितला." ती माझ्याकडे वळली. "माजा भाव व्हता नवशा. कुत्रा चावला तवा हलद लावली, सपलं. म्हयन्यानं पानी पुडं केला तर किंचाळला. आमी दर्यावरची मानसा, भाऊ. दर्याचा आवाज आयकून तो आंगावर गोदडी वडायचा. माजा बा त्याचे कान दाबून धरायचा. पान्याला घाबरून मेला तो. होडी हाकनाऱ्या तांडेलाचा पोर, पान्याला घाबरून."

पुंडलिकने बांबू जमिनीवर आपटला.

"आयकलात ना? तुमची आसंल तर माजी पोर वाचंल. पन मग कुत्री नाय वाचनार, ते बी आताच सांगून ठेवतो."

ते गेले. मी ओट्यावर बसलो. खोलीच्या दाराआड रेवा पंजाने दार ओरखडत होती. तिला बाहेर यायचे होते, कारण ती तिची फिरायला जाण्याची वेळ होती. शालू हातातले सूप तसेच धरून उभी होती.

"अहो," ती म्हणाली, "देवापुढे दिवा लावायला जाते आहे. पण मागू काय, तेवढे सांगा. मला कळेनासे झाले आहे."

मी उठून फोन शोधायला आत गेलो.

डॉक्टर हेमांगींना मी फोन केला, आणि त्या बोईसरहून आपल्या गाडीने निघून ऊन उतरण्याआधी पोहोचल्या. आल्या आल्या त्यांनी रेवाला तपासले. तोंड, हिरड्या, डोळे पाहिले.

"कुत्री ठणठणीत आहे. पण चावली की नाही, हे तिच्या तोंडावरून मला सांगता येणार नाही, रामनाथकाका. दुसरा कुठे आहे?"

दुसरा खाडीच्या बाजूला दिसल्याचे लोक सांगत होते. आम्ही निघालो; वस्तीतून पुंडलिकही बरोबर आला. वाट वाळवणाच्या मैदानातूनच जाते. बांबू रोवून त्यांना दोऱ्या ताणलेल्या, त्या दोऱ्यांवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील, आणि वाऱ्याने ते सगळे मिळून किंचित हलत होते. एका रांगेच्या टोकाशी वाळूत एक काठी पडली होती. काठीच्या टोकाला लाल लुगड्याची चिंधी बांधलेली होती.

"हे काय?" हेमांगींनी विचारले.

"राकनीची काठी," पुंडलिक म्हणाला. "कावले, कुत्रे येतात ना. पोरा ही काठी फडफडवत आंगावर धावतात. गावठी कुत्रा शेपूट घालून पलतो. भाविकाच्या हातात व्हती ही."

मी जागच्या जागी थांबलो.

गावठी कुत्रा पळतो, हे खरे. गावठी कुत्र्याला धावत येणारा माणूस म्हणजे मार. पण ज्या कुत्र्यांना पिढ्यान्‌पिढ्या, जे हलेल त्यामागे सुटायचे, एवढ्या एका गोष्टीसाठी राखले गेले, त्यांना धावणारे मूल आणि फडफडणारी चिंधी म्हणजे बोलावणे. आणि एवढ्यावर भागत नव्हते. ससा धरायला आता कायद्याची बंदी आहे, म्हणून रेवाचे अंग मोकळे राहावे यासाठी मी ओहोटीच्या वाळूवर एका लांब बांबूला दोरी बांधून, दोरीच्या टोकाला चिंधी लावून गरगर फिरवत असे. ती चिंधीमागे धावे. पकडली की मी तिला शाबासकी देत असे. ती चिंधी लाल होती.

हे मी त्या वेळी बोललो नाही. पुंडलिक माझ्याकडे पाहत होता.

"काय झाला, भाऊ?"

"काही नाही. चल."

खाडीच्या काठी एक जुनी होडी पालथी पडलेली आहे. तिच्या सावलीत तो नर होता. हेमांगींनी हात आडवा करून आम्हाला लांबच थांबवले. तो उठला, मागचे पाय लटपटले, आणि तो पुन्हा बसला. त्याचा खालचा जबडा लोंबत होता; मिटत नव्हता. लाळेची तार वाळूपर्यंत पोहोचली होती. मान खाली गेल्यामुळे कानांची ती लांब, रेशमी झालर लाळेत भिजून वाळूने माखली होती. त्याने आमच्या दिशेला डोळे वळवले. हे कुळच नजरेवर जगणारे. अशा कुत्र्याची नजर माणसाच्या अंगावर पडली की ती पडल्याचे जाणवते. याची नजर आमच्यावरून निघून मागच्या पाण्यावर गेली आणि तिथेही कशावर ठरली नाही.

"मागे व्हा," हेमांगी हळू आवाजात म्हणाल्या. "सगळे मागे व्हा. धावू नका."

आम्ही पाठीमागे पावले टाकत सरकलो.

"पिसाललेला हाय?" पुंडलिकने विचारले.

"खात्री प्रयोगशाळेतूनच होईल. पण मी तसे धरूनच चालणार." हेमांगींनी मोबाइलवर दुरूनच त्याचा फोटो काढला, पकडपथकाला फोन लावला, वस्तीतल्या दोन जाणत्यांना लांबवर राखण करायला सांगितले. मग त्या पुंडलिककडे वळल्या. "घाबरू नका. मुलीला लस आणि सीरम दोन्ही आजच, वेळेवर मिळाले आहे. पुढच्या सुया चुकवू नका. ती बरी राहण्याची शक्यता फार चांगली आहे."

हेच वाक्य त्यांनी पुंडलिकच्या घरी येसूबाईला सांगितले.

"शक्यता म्हंजे काय गो?" येसूबाईने विचारले.

हेमांगींनी पुढच्या सुयांच्या तारखांचा कागद मागून घेतला आणि त्या तारखा मोठ्याने वाचल्या.

भाविका आतल्या खोलीत खाटेवर बसली होती. अर्धा चेहरा पट्टीत. ती कोणाकडे पाहत नव्हती. तिच्यापुढे पाण्याचा तांब्या होता आणि येसूबाईची नजर एकसारखी त्या तांब्याकडे जात होती. पोर पाणी पिते की नाही, एवढेच ती म्हातारी घरी परतल्यापासून पाहत असावी. तो रोग असा एका दिवसात दिसत नाही, हे तिला ठाऊक होते. तरीही पाहत होती.

मी खाटेपासून दूर, उंबऱ्याशीच बसलो.

"भाविका, मी वाडीतला रामनाथकाका. एकच विचारतो. तो कुत्रा आठवतो का?"

तिने मान हलवली. होय की नाही ते कळले नाही.

"त्याचे कान पाहिलेस?"

"नाय बगितले," ती पट्टीआडून म्हणाली. मग आपण होऊन: "धरला व्हता."

"काय धरले होतेस?"

"कान. तो तोंडाला आला ना, तवा मी कान धरला. वडला." तिने उजव्या हाताची मूठ वळून दाखवली. "सटाकला."

"सटकला म्हणजे कसा? केस हातात आले?"

"केस नाय. वल्या बोंबलावानी. धरला का निसटतो तसा."

येसूबाईने झटकन माझ्याकडे पाहिले. ओला बोंबील तिने जन्मभर हाताळला होता. त्याची उपमा तिला समजावून सांगण्याची गरज नव्हती. होडीखालच्या त्या नराच्या कानांवर बोटभर लांब केस होते. मुठीत धरले असते तर झालर हाती आली असती.

"सांभाळा," हेमांगी मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "नऊ वर्षांची मुलगी आहे, घाबरलेली आहे. एवढ्यावर मी तरी काही लिहून देणार नाही. घाबरलेल्या मुलाला जे आठवते ते खरेच असते असे नाही."

त्यांचे म्हणणे तर्काला धरून होते. त्यात मला माझी सुटका दिसत होती. पुराव्याला एक साक्षीदार, तोही लहान. इतर काही नाही. मी हे दहा प्रकारे मांडू शकलो असतो. रेवाला घेऊन त्याच संध्याकाळी मी पालघरला मेहुण्याकडे जाऊ शकलो असतो. आणि इथे ही म्हातारी महिनोन्‌महिने त्या तांब्याकडे पाहत राहिली असती.

"आणखी एक गोष्ट आहे," मी म्हणालो. "मी रेवाला लाल चिंधीमागे धावायला शिकवले आहे. रोज. काठीला बांधलेल्या चिंधीमागे."

पुंडलिकला अर्थ कळायला क्षणभर लागला. कळला तेव्हा तो माझ्यावर धावून आला आणि त्याने माझी गळपट्टी धरली.

"मगाशी मैदानात थांबलात ते या पायी? तवाच ठावं व्हता तुमाला?"

"हो."

"आनि बोलला नाय!"

"भ्यालो होतो."

"ही पोर नव्हती भ्याली?"

"पुंडलिक, सोड त्याला," येसूबाई म्हणाली. "कुत्री आन, भाऊ. तोंड बांदून आन. पोर हात लावंल."

हेमांगींनी विरोध केला, आणि योग्यच केला. जखमी मुलीला पुन्हा त्या प्राण्यापुढे नेणे हा क्रूरपणा आहे असे त्या म्हणाल्या. तेव्हा खाटेवरून भाविकाच म्हणाली, "मी डोले मिटीन."

मी वाडीवर गेलो. रेवाने मला पाहताच उड्या मारल्या. तोंडावर चामड्याची मुसकी चढवताना तिने मान आपण होऊन पुढे केली, कारण हेमांगींच्या दवाखान्यात जाताना तिला ती सवय होती. शालू दाराशी आली. तिने रेवाच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि आत निघून गेली. वाटेत लोक दोन्ही बाजूंना उभे होते. कोणी शिवी दिली, कोणी दगड उचलल्याचा आवाज आला. रेवा चपळ पावलांनी, कमरेत हलकी, त्या सगळ्यांमधून अशी चालत होती की जणू ते सर्व तिच्या स्वागतासाठी जमले आहेत. मी पट्टा दोन वेढे देऊन मनगटाला गुंडाळला होता आणि माझे मनगट घामाने निसरडे झाले होते.

पुंडलिकच्या अंगणात मी तिला खाली बसवले, गुडघ्यांत घट्ट धरले, टॉवेलने तिचे डोळे झाकले. हेमांगींनी तिची मान पकडली. पुंडलिक बांबू घेऊन तिच्या डोक्याच्या बाजूला उभा राहिला. येसूबाईने भाविकाला उचलून आणले. मुलीचे डोळे गच्च मिटलेले होते आणि सबंध अंग कापत होते. माझ्या गुडघ्यांमधले रेवाचे अंगही कापू लागले. तिला भीतीचा वास आला असावा.

"हितं," येसूबाईने नातीचा हात धरून खाली नेला.

भाविकाची बोटे रेवाच्या कानाला लागली. बोटे एकदम मागे आली. मग मुलीने स्वतःच हात पुढे केला, कान मुठीत घेतला, आणि हलकेच ओढला. उघडा, पातळ, गुळगुळीत कान तिच्या मुठीतून निसटला. मला त्या क्षणी काय हवे होते हे मी सांगू शकत नाही. मी फक्त मुलीच्या ओठांकडे पाहत होतो.

"हाच," भाविका म्हणाली. "आजे, हाच कान हाय." आणि ती आजीच्या खांद्यात तोंड खुपसून सकाळपासून पहिल्यांदाच मोठ्याने रडली.

पुंडलिकने बांबू वर उचलला. मी रेवावर पालथा पडलो. ते शौर्य नव्हते. माझ्या गालाखाली तिचे काळीज धडधडत होते, आणि वरून बांबू आता येईल, आता येईल, म्हणून मी डोळे मिटले होते.

"पुंडलिक!" येसूबाईचा आवाज आला. "शानी, न पिसाललेली कुत्री मेली तर पोरीची हमी कोन देनार? डागदरनीला इचार."

"त्या बरोबर बोलताहेत," हेमांगी घाईने म्हणाल्या. "कुत्री डोळ्यांसमोर दहा दिवस जिवंत आणि चांगली राहिली, तरच मुलीला काही झाले नाही हे पक्के. तिला मारलेत तर आपल्या हातात काही उरणार नाही. आणि सुया तरीही पूर्ण करायच्याच."

"आनि दहा दिवसांनी?" पुंडलिकने विचारले. तो आईला विचारत होता.

मी मान वर केली. येसूबाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. तिने रेवाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर दया नव्हती आणि रागही उरला नव्हता.

"मारायची नाय," ती म्हणाली. "भाऊ, दहा दिस बांदून ठेव. मग तिला या गावातना काड."